नॉर्मनच्या लनाईतली चौदा ताटं

नॉर्मन शटलवर्थने घर विकलं तर माझ्या पदरात काय पडणार, याचा हिशेब मी तो टॅक्सीतून उतरून दारापर्यंत येईस्तोवर तिसऱ्यांदा करून पाहिला. बरोबर येत होता. घर घेणार होता पाध्ये. पाध्ये म्हणजे कऱ्हाडच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा, आणि आता न्यू जर्सीत बर्फ उपसून उपसून कंबर धरलेला विनायक पाध्ये. तो शेजारी आला की मला बुद्धिबळाला माणूस मिळणार होता, संध्याकाळच्या फेरीला सोबत मिळणार होती आणि मुख्य म्हणजे मराठीत वाद घालायला कुणीतरी मिळणार होतं. घरात इंदू होती. पण इंदू वाद घालत नाही, निर्णय सांगते. आठ वर्षं फ्लोरिडात राहून मी वादासाठी वखवखलो होतो. नुकसानीच्या बाजूला काहीही नव्हतं.

नॉर्मन दाराशी पोचला, बॅग उभी केली, टाय नीट केला आणि घंटी वाजवली. स्वतःच्या घराची.

कारण पायरीवर इंदूच्या चपला होत्या.

याला आता सात वर्षं झाली. आमची वसाहत पंचावन्नच्या वरच्या लोकांचीच. गवत एका उंचीचं, टपालपेट्या एका रंगाच्या आणि माणसं साधारण एकाच दुखण्याची. चारशे बारा घरं, त्यातली अकरा इंग्रजांची. म्हणजे खरे इंग्लंडातले इंग्रज. पौंडाला चांगले दिवस होते तेव्हा त्यांनी ही घरं घेऊन ठेवली होती. सरकार त्यांना एका वेळी सहा महिन्यांवर राहू देत नसे, म्हणून ते ऑक्टोबरअखेर यायचे आणि एप्रिलअखेर जायचे. जाताना अकराही घरांच्या किल्ल्या इंदूकडे द्यायचे. आमच्या मुलीने, स्वरूपाने, आम्हाला इथे घर घेऊन दिलेलं, आम्हाला बारमाही राहणं भाग होतं. इंदूने आठवड्यातून एकदा प्रत्येक घरात जायचं, नळ सोडायचे, गारव्याचं यंत्र चालू आहे ना बघायचं, भिंतींना बुरशी धरली का बघायचं. मोबदल्यात चहाचे डबे आणि संत्र्याचा कडू मुरंबा. तो मुरंबा आमच्याकडे कुणी खात नाही. तो मी त्या काळात हिशेबातून वगळलेला होता.

पण इंदूला मोबदला दुसराच मिळत होता. या घरांना मागे एक अंगण असतं, चारी बाजूंनी आणि वरूनही बारीक जाळीने बंद केलेलं. इकडे त्याला लनाई म्हणतात. ऊन आत, खारी बाहेर. पहिल्या वर्षी इंदूने आमच्या दारातल्या रस्त्यावर कुरडया घातल्या होत्या, तर खारींनी निम्म्या नेल्या आणि उरलेल्यांवर वसाहतीच्या समितीची नोटीस आली. दुसऱ्या वर्षी नॉर्मनची बायको एडना म्हणाली, आमच्याकडे घाल की. शटलवर्थांची लनाई थेट दक्षिणेला. तेव्हापासून दर साल एप्रिल-मे महिन्यांत नॉर्मनच्या लनाईत चौदा ताटं मांडलेली असत. नऊ कुरडयांची, पाच साबुदाण्याच्या पापड्यांची. तळ्याकडच्या बाजूच्या कपाटाआड सावली लवकर येते, तिथे पापड्या, बाकी उन्हात कुरडया. ती जागा मी ठरवली होती आणि ताटं वाहायचं कामही माझंच होतं.

त्या साली ते दोघं आलेच नव्हते. ऑक्टोबरात एडनाचं दुखणं निघालं आणि फेब्रुवारीत ती गेली. मार्चमध्ये नॉर्मनचा मला फोन आला. आधी त्याने तिकडच्या हवेबद्दल सांगितलं, मग इकडच्या हवेबद्दल विचारलं, आणि मग एडना गेल्याचं सांगितलं. घराचं काय करावं ते बघायला जूनमध्ये येईन म्हणाला. मी फोन ठेवला, दोन मिनिटं गप्प बसलो आणि पाध्येला फोन लावला. ती दोन मिनिटं मी खरीच एडनासाठी गप्प बसलो होतो, हे इथे नमूद करतो.

जूनमध्ये येणार म्हणालेला माणूस मेच्या एका मंगळवारी टाय लावून दारात उभा होता.

इंदूने दार उघडलं. हात कोपरापर्यंत पांढरे.

"माफ करा," नॉर्मन म्हणाला. "मी आधी कळवायला हवं होतं."

त्याचं सगळं बोलणं इंग्रजीत, मी आपलं आपल्या भाषेत लिहितो. इंदूचंही त्याच्याशी बोलणं इंग्रजीतच, फक्त तिच्या इंग्रजीत जे शब्द अडचणीचे वाटतात ते ती घेत नाही.

"ये, ये," ती म्हणाली. "डावीकडून ये. ओलं आहे." मग माझ्याकडे वळून, "अहो, बघत काय उभे राहिलात? बॅग घ्या त्यांची. आणि विचारा, ताटं उचलू का म्हणून."

मी विचारलं. नॉर्मनने दोन्ही हात वर केले.

"अजिबात नको. कृपा करून नको. मी वळसा घालून जाईन."

आणि खरंच वळसा घालून जाऊ लागला. त्याचं कपडे धुवायचं यंत्र लनाईच्या कोपऱ्यात होतं. घरातून लनाईत उतरायची वाट ताटांनी अडलेली. तर हा माणूस कपड्यांची टोपली घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायचा, घराला प्रदक्षिणा घालून मागच्या जाळीच्या दाराने दोन पावलं आत यायचा, कपडे यंत्रात टाकायचा आणि पुन्हा प्रदक्षिणा घालून घरात. दिवसातून तीनदा मी खिडकीतून मोजलं. ही ताटं काय आहेत, हे त्याने एकदाही विचारलं नाही. त्याच्या मते आपल्या घरात दुसऱ्याचं काही मांडलेलं असेल तर त्याला काहीतरी कारण असणार, आणि कारण विचारणं म्हणजे उद्धटपणा.

"पूजा-बिजा आहे असं वाटतंय त्यांना," इंदू म्हणाली. "मघाशी ताटांजवळून गेले तर टोपी काढली."

"मग तू सांग ना काय आहे ते."

"सांगेन. घाई काय आहे?"

घाई मला होती. नॉर्मनने फोनवरच पाध्येला होकार दिला होता. तो लवकर आल्यामुळे आता शनिवारीच पाध्येच्या वकिलाचे कागद येणार होते आणि नॉर्मनने त्यावर सही करायची होती. पाध्ये दिवसातून दोनदा फोन करायचा.

"दत्त्या, तुझा गोरा काय म्हणतो?"

"शनिवार म्हणतो."

"मन बदलायचा नाही ना? मी इथे बर्फाचं फावडं दान करून टाकलंय."

"मे महिना आहे विन्या. फावडं दान करायला काय लागतं?"

"तू त्याला एकटा सोडू नकोस, एवढंच सांगतो."

बुधवारी दुपारी आभाळ एकदम काळं झालं आणि सर कोसळली. इंदू बाजारात गेली होती. मी छत्री शोधून तिथे पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. बघतो तर लनाई रिकामी. नॉर्मन शर्ट अंगाला चिकटलेल्या अवस्थेत दारात उभा.

"मी आत घेतली," तो म्हणाला. "चुकलं नाही ना काही?"

चौदाही ताटं त्याने निजायच्या खोलीत नेऊन ठेवली होती. सात त्याच्या पलंगावर, सात एडनाच्या. ती रात्र तो सोफ्यावर झोपला. सकाळी ऊन आलं तेव्हा ताटं जिथल्या तिथे परत. इंदूने एकेक बघितलं. एकही जागा चुकलेली नव्हती. नऊ उन्हात, पाच कपाटाआड.

"बँकेत ठेवायला हवा होता असा माणूस," मी म्हटलं.

"तुमच्या बँकेत नको," इंदू म्हणाली. "बिघडला असता."

पण त्याच बुधवारी संध्याकाळी, ताटं अजून पलंगांवर असताना, नॉर्मनने मला बिअरला बोलावलं होतं. इंदूने माझ्या हाती तळलेल्या कुरडयांचा वाडगा दिला होता. आम्ही पुढच्या ओसरीत बसलो. त्याने एक कुरडई तोंडात टाकली आणि चावायचा थांबला.

"हे कुठे मिळाले तुम्हाला?"

"का?"

"एडना आणायची. चिनी दुकानातून. कोळंबीचे पापड असतात ना, ते. लाल अक्षरांच्या पिशवीत असायचे. दर शनिवारी बिअरबरोबर, सहा वर्षं. तिकडे आमच्या गावी, बोल्टनला, मी चार चिनी दुकानं पालथी घातली. मिळतात, पण हे ते नव्हेत."

मी वाडग्याकडे बघितलं. एडना इंदूकडून कुरडया घेऊन नवऱ्याला चिनी म्हणून खायला घालत होती, एवढं माझ्या लगेच ध्यानात आलं. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात नॉर्मन म्हणाला,

"शनिवारी सही करायची खरी. पण कालपासून एक गंमत झाली आहे. मी रिकाम्या घरात येतोय अशी मनाची तयारी करून आलो होतो. आणि घर काही रिकामं वाटत नाही. त्या ताटांमुळे असेल. सकाळी उठलं की वाटतं, कुणीतरी काहीतरी अर्धवट ठेवून आत गेलंय."

"हो का?"

"अजून एक हिवाळा राहून बघावं असं वाटतं. वेडेपणा आहे म्हणा."

मी तोंड मिटलं. कुरडई कुणाची ते सांगितलं असतं तर पाध्ये गेलाच होता.

"वेडेपणा नाही," मी म्हटलं. "पण एकट्या माणसाला एवढं घर म्हणजे त्रासच. आणि ही समिती. कधी कशाची नोटीस येईल सांगता येत नाही."

नॉर्मनचा चेहरा उतरला. इंग्रज माणूस आजारपण सोसतो, बायको गेलेलीही सोसतो. नोटीस त्याला सोसत नाही.

"नोटीस?" तो म्हणाला. "मला आयुष्यात कधी नोटीस आलेली नाही."

गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे क्लबहाऊसपर्यंत चालत गेलो, वर्तमानपत्र चाळलं आणि परत आलो.

"आज लवकर?" इंदूने विचारलं.

"ऊन वाढलंय," मी म्हटलं.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला मिसेस क्रॅट्झ आल्या. वसाहतीच्या बाह्यरूप समितीच्या या प्रमुख. गोल्फच्या गाडीतून फिरतात, गाडीत गवत मोजायची पट्टी असते. त्यांनी नॉर्मनच्या दारातून इंदूलाही निरोप पाठवला: किल्ल्या घेऊन या. इंदू किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाली, मीही मागोमाग गेलो. किल्ल्यांचं काय काम, हे मला कळेना. माझ्या अंदाजात किल्ल्या नव्हत्या.

लनाईच्या दाराशी आम्ही चौघं उभे राहिलो. मिसेस क्रॅट्झनी एक कागद उलगडला.

"तक्रार आली आहे. निनावी आहे, पण तपशीलवार आहे. वाचते. 'शटलवर्थ यांच्या लनाईत परवानगीशिवाय खाद्यपदार्थ वाळवले जातात. पांढऱ्या वेटोळ्यांची नऊ ताटं. चपट्या चकत्यांची पाच ताटं. एकूण चौदा.'" त्यांनी चष्म्यावरून ताटांकडे बघितलं. "बरोबर आहे असं दिसतं."

"माफ करा," नॉर्मन म्हणाला.

"तुमचा दोष नाही, मिस्टर शटलवर्थ. तुम्ही इथे नव्हता. मी चौकशी केली. मिसेस सबनीसांकडे अकरा घरांच्या किल्ल्या आहेत. मालक नसताना दुसऱ्याच्या घरात असले उद्योग चालत असतील, तर हा एका घराचा प्रश्न राहत नाही. अकराही किल्ल्या आज कार्यालयात जमा कराव्या लागतील. सगळ्या मालकांना पत्रं जातील."

इंदूने जुडग्यातून एकेक किल्ली सोडवायला सुरुवात केली. प्रत्येक किल्लीला तिने रंगीत दोरा बांधलेला होता, कुठला रंग कुणाचा ते फक्त तिलाच माहीत. हिरवी सोडवली, टेबलावर ठेवली. पिवळी सोडवली. आठवड्याचे सातही दिवस या किल्ल्यांभोवती बांधलेले होते तिचे. सोमवारी हिरवी, मंगळवारी पिवळी. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मला निरोप समारंभ मिळाला होता, नारळ मिळाला होता. इथे तसलं काही नव्हतं. तिसरी किल्ली सोडवून तिने तिचा दोरा सरळ केला आणि तीही टेबलावर ठेवली.

"माफ करा," नॉर्मन पुन्हा म्हणाला. "एक विचारू का? हे घर माझंच आहे ना?"

"अर्थात."

"आणि मालकाने स्वतःच्या लनाईत काही वाळत घातलं तर?"

"मालकाचा छंद असेल तर हरकत नाही. सत्ताविसावा नियम. पण..."

"मग ती माझी आहेत."

मिसेस क्रॅट्झ थांबल्या. "चौदाही?"

"चौदाही."

"तुम्ही मंगळवारी आलात, मिस्टर शटलवर्थ."

"लवकर उठतो मी."

"काय आहेत ही?"

इथे नॉर्मन अडला. त्याने ताटांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी छताच्या जाळीकडे बघितलं. सत्तर वर्षं खोटं न बोललेला माणूस पहिल्याच खोट्यात दुसऱ्या प्रश्नाला फसला होता.

इंदूने किल्ल्या खाली ठेवल्या.

"एडनाची आहेत," ती म्हणाली. "एडना करायची. मी आणि एडना. दर एप्रिल. तू मैदानावर चेंडू खेळायला जायचास, तेव्हा. तू बिअरबरोबर खातोस ती."

"ते चिनी दुकानातले," नॉर्मन म्हणाला.

"पिशवी चिनी. आतलं एडनाचं."

तिने ताटं ओलांडून जाऊन धुण्याच्या यंत्रामागचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला एक कागद होता. इतकी वर्षं ताटं वाहिली मी, पण ते दार उघडून पाहिलं नव्हतं. कपाटाच्या आडची जागा मी मोजली होती, आतलं पाहायची मला गरज वाटली नव्हती. इंदूने कागद अलगद सोडवून नॉर्मनच्या हातात दिला. एडनाचं अक्षर होतं, बारीक, तिरपं. नॉर्मनने मोठ्याने वाचायला घेतलं, बहुधा मिसेस क्रॅट्झ उभ्या आहेत म्हणून, एकट्याने वाचणं बरं दिसत नाही म्हणून.

"'गहू तीन दिवस भिजवणे. पाणी रोज बदलणे. नाकाला रुमाल बांधणे. वाटून, गाळून पांढरा चीक काढणे. शिजताना हात थांबवू नये, थांबला की इंदू रागावते. साच्यातून गरम असतानाच पाडणे. या वर्षी माझी वेटोळी इंदूच्या वेटोळ्यांसारखी दिसू लागली आहेत.'" तो थांबला. पुढची ओळ त्याने हळू वाचली. "'नॉर्मनला सांगू नये. चिनी आहेत असं त्याला वाटतं. इतक्या आवडीने खातो की सांगायचं जिवावर येतं.'"

त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मिसेस क्रॅट्झ तळ्याकडे बघत होत्या.

"सहा वर्षं," नॉर्मन म्हणाला. "मी चिनी लोकांची स्तुती करत होतो आणि ही समोर बसून मान डोलवायची."

"हसायची," इंदू म्हणाली. "इथे आल्यावर हसायची. फार हसायची."

मिसेस क्रॅट्झनी कागदाची घडी घातली. हरलेलं कबूल करायचं नाही, ही त्यांच्या पदाची शिस्त.

"छंद असेल तर पुढच्या एप्रिलच्या छंदमेळ्यात तुम्हाला तो करून दाखवावा लागेल, मिस्टर शटलवर्थ. नोंद करते आहे."

"आनंदाने."

"मी तर ऐकलं, उद्या तुम्ही घर विकताय."

"असं?" नॉर्मन म्हणाला. "माझ्या कानावर नाही आलं."

त्या गेल्या. जाताना तक्रारीचा कागद टेबलावर विसरल्या, किल्ल्यांशेजारी. इंदू दोरे बघून किल्ल्या पुन्हा जुडग्यात ओवू लागली. नॉर्मनने चहाचं पाणी ठेवलं आणि तो कागद उचलून वाचायला घेतला.

"फार नीटनेटकी तक्रार आहे," तो म्हणाला. "आयुष्यात पुष्कळ तक्रारी वाचल्या, आमच्या गिरणीत मी त्याच खात्यात होतो. पण खाली बेरीज मारलेली तक्रार पहिल्यांदाच पाहतोय." त्याने कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. "साखर किती, मिस्टर सबनीस?"

"दोन," मी म्हटलं.

तो आत गेला. इंदूने अकरावी किल्ली ओवली, गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली,

"तळ्याच्या वाटेवरून नऊच दिसतात."

"काय नऊ?"

"ताटं. कुरडयांची. पापड्यांची पाच कपाटाच्या आड आहेत. बाहेरच्या माणसाला ती दिसायची नाहीत."

"असेल कुणीतरी आत डोकावलेलं."

"असेल," इंदू म्हणाली. "तिथे ठेवली कुणी होती, तेवढंच मी आठवत होते."

यापुढे तिने त्या विषयावर एक अक्षरही काढलं नाही. या उन्हाळ्यापर्यंत नाही.

तर आता सांगून टाकतो. गुरुवारी क्लबहाऊसमध्ये वर्तमानपत्र चाळण्याआधी समितीच्या पेटीत तो कागद मीच टाकला होता, डाव्या हाताने, मोठ्या अक्षरांत. हिशेब असा होता की नोटीस नॉर्मनला येईल, तो घाबरून शनिवारी सही करेल, आणि इंदूची अकरापैकी एक लनाई जाईल. अकरात एक, म्हणजे नगण्य. अकराच्या अकरा किल्ल्या पणाला लागतील, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि खाली बेरीज मी मुद्दाम नव्हती लिहिली. छत्तीस वर्षं बँकेत तपासनीस होतो, रकाना दिसला की खाली रेघ ओढून एकूण लिहिल्याशिवाय हातातून कागद सुटत नाही. चोर पावलं पुसतो म्हणतात, मी बेरीज मारून आलो होतो.

नॉर्मन चहा घेऊन आला. माझ्या चहात साखर चार चमचे होती. मी तो सगळा प्यायलो.

"तो साचा फिरवायला जोर लागतो का?" त्याने इंदूला विचारलं.

"सोऱ्या? खूप. एडनाचे खांदे दुखायचे."

"माझाही एक खांदा कामातून गेलाय. छंदमेळ्यापर्यंत शिकायचं तर कुणीतरी दांडा फिरवणारा हवा. भरवशाचा. मोजमापाचं डोकं असलेला."

"हे आहेत ना," इंदू म्हणाली.

संध्याकाळी पाध्येचा फोन आला.

"झालं का रे पक्कं?"

"तो विकत नाही, विन्या."

"का? जास्त कुणी देतंय?"

"नाही. कुरडया."

मग तो म्हणाला, "दत्त्या, तुला ऊन लागलंय. पाणी पी."

पाध्येने शेवटी ॲरिझोनात घर घेतलं. दर रविवारी फोन करतो आणि दीड तास वाद घालतो. तिसऱ्या महिन्यात मी फोन टेबलावर ठेवून भाजी निवडायला शिकलो. हा माणूस आठवड्याचे सात दिवस शेजारी असता तर काय झालं असतं, याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही, धाडस होत नाही. बुद्धिबळ मी नॉर्मनशी खेळतो. तो माझा वजीर मारण्याआधी माफी मागतो.

पुढच्या एप्रिलला छंदमेळ्यात नॉर्मनला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं लाकडी बदकांना गेलं. नोंदवहीत त्याने कर्त्याच्या जागी एडनाचं नाव लिहायला लावलं, आणि मिसेस क्रॅट्झनी ते, नियमात बसत नसताना, लिहिलं. त्या आता दरवर्षी दोन डबे घेऊन जातात.

तेव्हा कुणी काय दिलं ते एकदा लिहून ठेवतो. पाध्येने एक फावडं दिलं. नॉर्मनने दिलं एक खोटं, तेही नंतर खरंच निघालं, म्हणजे त्याला काहीच लागलं नाही. मिसेस क्रॅट्झनी एक नियम सोडला. इंदूने तीन किल्ल्या सोडवल्या आणि परत ओवल्या, तिच्या बाजूला शून्य. बाकी सगळं माझ्याकडे. तेव्हापासून सात उन्हाळे झाले, दर उन्हाळ्याला सोऱ्याचा दांडा मी फिरवतो, इंदू आणि नॉर्मन खुर्च्या टाकून समोर बसतात आणि वेटोळं वाकडं गेलं की दोघं एकमेकांकडे बघतात. न्याहारीला कडू मुरंबाही मीच संपवतो, कुणी न सांगता.

या वर्षी खांदा फारच धरला होता. मी म्हटलं, "इंदू, बारा ताटं पुरेत ना?"

"चौदा," ती म्हणाली. "बाहेरून नऊ दिसली तरी चालतील."

सात चोक अठ्ठावीस, हातचे दोन, सात एके सात आणि दोन नऊ. एकूण अठ्ठ्याण्णव ताटं. खाली रेघ मारली आहे.